सहा काट्यांचं विमान

प्राध्यापकांच्या लेकीचे दिवस भरत आले होते, तेही समुद्रापलीकडे. आणि इकडे बाईसाहेब विमानात पाऊल ठेवायला तयार नव्हत्या. "वर काही झालं तर उतरायचं कुठे?" असं त्या निवृत्त नवऱ्याला रोज विचारायच्या. घरात कॉम्प्युटर होता. विमान घरीच चालवलं तर भीती मोडेल, असा शास्त्रशुद्ध विचार करून त्यांनी विमान उडवायचा खेळ आणला.

आणि त्यातलं सगळ्यात मोठं विमान निवडलं. चार इंजिनं, दोन मजले, चालकासमोर काट्यांचा नुसता बाजार. जन्मभर बसने फिरलेला माणूस फुकटात मिळतंय म्हटल्यावर लहान कशाला घेईल?

कॉम्प्युटर मात्र लेकीच्या कॉलेजच्या काळातला. विमान उठलं, शहरावर आलं आणि थबकलं. कॉम्प्युटरचा पंखा मिक्सरसारखा घरघरू लागला. विमान जरा सरकलं, पुन्हा थबकलं.

"हे असं मध्येच थांबतं?" बाईसाहेबांनी विचारलं.

"खरं विमान थांबत नाही गं."

"मग हे काय, विचार करतंय?" त्या चष्मा काढून उठल्या. "मी नाही येत. नातवंड फोनवर बघेन."

प्राध्यापकांनी ढग घालवले, झाडं काढली, शेवटी अख्खं शहर पुसून टाकलं. ओसाड माळावरही विमान अडखळतच राहिलं. हात टेकून त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, त्या विमानातला एकेक काटा तुमचा कॉम्प्युटर रंगवत बसतो. त्याचा जीव केवढा! साधं घ्या. दोन माणसांचं, एका पंख्याचं."

"ते अगदीच स्कूटरसारखं दिसतं."

"आईला उडवायचंय की तुम्हाला मिरवायचंय?"

प्राध्यापकांनी निमूटपणे स्कूटर घेतली. समोर जेमतेम सहा काटे. ती अशी अलगद उठली की कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. हुरूप येऊन त्यांनी शहर परत वसवलं, झाडं लावली आणि बाईसाहेबांना खुर्चीत बसवलं. बाईसाहेबांनी विमान आधी तळ्यात घातलं, मग कुणाच्या तरी गोठ्यात, आणि आठवडा सरता सरता धावपट्टीवर. मान न वळवता म्हणाल्या, "तिकिटं काढा."

खऱ्या विमानात चढताना चालकाच्या खोलीचं दार उघडंच होतं. बाईसाहेबांनी डोकावलं. भिंतभर काटे, छतालासुद्धा बटणं. त्या तिथेच थांबल्या. मागची रांग थांबली.

"काय गं," बाईसाहेबांनी दारातल्या हवाई सुंदरीला विचारलं, "या विमानाचा कॉम्प्युटर नवा आहे ना?"

"अगदी नवा, मॅडम."

"मग हरकत नाही. आमचा जुना आहे म्हणून विचारलं."

त्या खिडकीशी बसल्या. विमान उठलं तेव्हा प्राध्यापकांचे डोळे गच्च मिटलेले होते. बाईसाहेबांनी त्यांच्या आवळलेल्या मुठीवर हात ठेवला.

"नाक बेतानं उचललंय हो त्यानं," त्या म्हणाल्या. "येतं त्याला."