झोळी धरणाऱ्याचा पाय

मी एक जुनी झोळी आहे. झोळी म्हटलं की तुम्हाला दारोदार पीठ मागणारा कुणीतरी आठवेल. मी तसली नव्हे, मित्रांनो. मी मठाची झोळी. कानडीत मला जोळिगे म्हणतात. बसवकल्याणपासून आळंदपर्यंत माझं नाव काढलं की भलेभले बाप्ये खिसे चाचपायचे. का ते सांगते. पण आधीच सांगून ठेवते, माझी जीभ गोड नाही आणि गोष्टही गोड नाही.

मला बसवकल्याणच्या सावित्रीबाईंनी शिवलं. जाडंभरडं हातमागाचं कापड, दुहेरी टीप, वरून कावेचा रंग. पहिली काही वर्षं माझ्यात ज्वारी पडायची, तुरीची डाळ पडायची. अंगाला ज्वारीचा वास यायचा आणि मला तो फार आवडायचा.

मग आमच्या मठाच्या स्वामींच्या, म्हणजे अप्पाजींच्या मनात आलं. एका श्रावणात भर चावडीवर ते म्हणाले, "धान्य नको मला. तुमची व्यसनं टाका हिच्यात." लोक आधी हसले. मग एका म्हाताऱ्यानं बिडीचं बंडल टाकलं आणि पाठोपाठ रांग लागली. त्या दिवसापासून माझ्या नशिबी बिड्या, गुटख्याच्या पुड्या आणि चुन्याच्या डब्या आल्या. दर श्रावणात आम्ही गावोगाव फिरायचो आणि शेवटच्या दिवशी सगळा माल मठामागच्या खड्ड्यात जाळायचो. लोकही काय नमुने! एकानं बंडल टाकलं आणि काडीपेटी हळूच खिशात ठेवली. का रे बाबा? तर म्हणे चुलीला लागते. घरी गॅस होता त्याच्या.

हळूहळू आमच्या भागात एक रीतच पडली. झोळीत पडलं ते संपलं. त्या माणसाला पुन्हा त्याबद्दल विचारायचं नाही, कारण विचारणं म्हणजे अप्पाजींवर शंका घेणं. ही रीत नीट ध्यानात ठेवा, मित्रांनो. एका माणसाचा पाय तिच्यापायी गेला.

त्याचं नाव मल्लप्पा. आळंदच्या बाजारात तुरीची मापं घ्यायचा. दिवसाला बावीस बिड्या ओढायचा. बायको गुरुबाई, लेक दानेश्वरी. गुरुबाईला गावात बिडीवाल्याची बायको म्हणायचे आणि हळदीकुंकवाला तिच्या शेजारी बसताना बायका पदर नाकाला लावायच्या. बारा वर्षांपूर्वी मल्लप्पानं चावडीवर तीन बंडलं माझ्यात टाकली आणि अप्पाजींच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. मठाचे कारभारी वीरभद्रप्पा म्हणजे धूर्त माणूस. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "बावीस बिड्या एका झटक्यात! आजपासून झोळी धरायचा मान मल्लप्पाचा."

झालं. गुरुबाईचं नशीब पालटलं. आरतीला तिला पुढं बोलवायला लागले. ती मला रिठ्यानं धुवायची, देवळीशेजारच्या खुंटीला टांगायची आणि आल्यागेल्याला दाखवायची. मीही फुगले होते. बिडी म्हणजे काय, हाताला लागलेली खोड. हातानं उचलली, हातानं टाकली. ज्याला जमत नाही त्याच्यात धमक नाही, असं माझं ठाम मत होतं.

मल्लप्पाचे पहिले आठ दिवस मी खुंटीवरून बघितले. त्याला दरदरून घाम फुटायचा. बाजारात मापं चुकायची. भाकरी उशिरा वाढली म्हणून त्यानं ताट भिरकावलं, आणि दानेश्वरीला, तेव्हा चार वर्षांची होती पोर, काही कारण नसताना थोबाडीत मारली. मग स्वतःच कोपऱ्यात बसून रडला. मला हसू येत होतं. म्हटलं, काय हा गडी! एवढ्याशा पानाच्या सुरळीसाठी रडतोय.

नवव्या दिवशी आम्ही दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर होतो. अप्पाजींची जीप पुढं गेली होती. मल्लप्पा मला खांद्याला अडकवून मागून चालत होता. लिंबाखाली तो थांबला, इकडंतिकडं बघितलं आणि त्याचा हात माझ्यात आला. दुसऱ्या कुणीतरी सकाळीच शपथ घेऊन टाकलेलं बंडल त्यानं माझ्या पोटातून काढलं आणि ओढलं. थू तुझ्या जिनगानीवर, असं मी मनात म्हटलं. त्यानंतर मी त्याच्या खांद्याला होते तोवर, दर श्रावणात, लोकांनी सोडलेल्या बिड्या माझ्यातून काढून त्यानंच ओढल्या. उरलेलं वर्षभर बाजारामागच्या संडासाच्या आडोशाला, मग चूळ भरून, तोंडात लवंग टाकून घरी.

एकदा त्यानं तोंड उघडायचा प्रयत्न केला, ते मात्र सांगायला हवं. मठाच्या ओट्यावर वीरभद्रप्पांना म्हणाला, "कारभारी, मला जमंना झालंय."

"काय जमंना?"

"त्ये... बिडीचं."

वीरभद्रप्पांनी आधी मागं वळून बघितलं. "गप बस! अप्पाजींच्या कानावर गेलं तर? बारा गावं तुझं नाव घेऊन सोडायलेत आन् तू असं बोलायलास? बाप्या हाईस न्हवं? मन घट्ट कर."

मन घट्ट कर! हे औषध त्यानं बारा वर्षं घेतलं.

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा पाय दुखायला लागला. चार पावलं चाललं की पोटरी पकडायची. मग अंगठा थंड पडला, निळा झाला, नखाशेजारी जखम झाली ती भरेना. गुरुबाई त्याला गुलबर्ग्याला दवाखान्यात घेऊन गेली. भाकरी बांधायला तिनं मलाच घेतलं. मानाची वस्तू, डॉक्टरांना दाखवता येईल, असा तिचा हिशेब.

आमच्या आधी राघोबा नावाचा हमाल आत होता. दार उघडंच होतं. त्याचाही पाय तसाच. डॉक्टरांनी विचारलं, "किती ओढता?" तर हा निर्लज्जासारखा म्हणाला, "पंचवीस हाईत साहेब. दोनदा सोडली, दोनदा लागली." डॉक्टर रागावले, पण त्यांनी त्याला गोळ्या लिहून दिल्या, चघळायची औषधी वडी दिली, दर पंधरवड्याला यायला सांगितलं. म्हणाले, "परत लागली तर लपवू नका, परत या. बिडीनं नसा आकसतात. बिडी थांबली तर पाय राहील." मला वाटलं, असल्या माणसाला कसलं औषध देता? दोन मुस्काटात ठेवून द्या.

मग मल्लप्पाची पाळी आली. पाय बघताच डॉक्टरांनी विचारलं, "बिडी?"

मल्लप्पानं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, मी गुरुबाईच्या मांडीवरून बघत होते. पण गुरुबाईच आधी बोलली. "न्हाई हो डॉक्टरसाब! धा वर्सं झाली सोडून. ह्ये झोळी धरणारे हाईत. ही बघा झोळी."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "मल्लप्पा, तुम्ही सांगा. एखादीसुद्धा नाही?"

मल्लप्पानं बायकोकडं बघितलं. तिचा चेहरा अभिमानानं नुसता फुलला होता. त्यानं मान हलवली. "न्हाई."

आणि मित्रांनो, मला आनंद झाला. माझी लाज राहिली म्हणून आनंद झाला. त्याचा पाय सडत होता आणि मला माझ्या नावाची पडली होती.

डॉक्टर बुचकळ्यात पडले. रक्त तपासलं, हृदय तपासलं, हैदराबादला पाठवलं. औषधं चालू होती आणि आडोशाला बिडीही चालू होती. सहा महिन्यांत अंगठा काळा पडला, मग पाऊल. शेवटी गुडघ्याखाली पाय कापला.

कापल्यावर तिसऱ्या दिवशी मल्लप्पा वॉर्डाच्या न्हाणीत सापडला. कुबडीवर लटकत, कुणाकडून तरी मागून घेतलेली बिडी ओढताना. नर्सनं अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं झापलं, "पाय कापलाय, अजून जखम ओली आहे, आणि तुम्ही बिडी ओढताय?" गुरुबाई भाकरी घेऊन दारात उभी होती. ती भाकरी तिनं त्याला दिली नाही.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. लोक म्हणाले, झोळीचा शाप लागला. शाप! मी कापड आहे, मला शाप कुठून येणार? पण वीरभद्रप्पांना ते फार सोयीचं पडलं. अप्पाजी तोवर अंथरुणाला खिळलेले. पुढच्या श्रावणात कारभाऱ्यांनीच फेरी काढली आणि चावडीवर मल्लप्पाला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. लुंगी वर करून पायाचा खुंट लोकांना दिसेल असा ठेवला. "बघा रे! झोळीशी बेइमानी केली की काय होतं ते बघा!" आयांनी पोरांना उचलून उचलून दाखवलं. मल्लप्पा मान खाली घालून बसला होता.

तेवढ्यात दानेश्वरी पुढं आली. आता ती अकरावीत आहे. ती ओरडली नाही. खुर्चीशेजारी उकिडवी बसून तिनं विचारलं, "अप्पा, आज किती ओढलात?"

बारा वर्षांत त्याला हे कुणीच विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "चार."

गर्दी खवळली. "पाय गेला तरी ओढायलाय! असल्याला मरू द्या!"

तेव्हा मल्लप्पानं मान वर केली. "पाय गेला तरी सुटंना झालीय, म्हणूनच सांगायलोय. माझ्या मर्जीवर असतं तर मी बिडी टाकून पाय ठेवला नसता व्हय?"

बारा वर्षं मी ज्याला धमक नसलेला म्हणत आले, तो माणूस रोज सकाळी शपथ घ्यायचा आणि संध्याकाळी हरून घरी यायचा, हे मी खुंटीवरून रोज बघितलं होतं. बघूनही मी त्याला हसले होते.

त्या दिवशी माझ्यात एकेचाळीस बंडलं पडली. आजवरचा उच्चांक. सगळी भीतीनं टाकलेली. त्यातले किती जण संध्याकाळी आडोसा शोधतील ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि आता तर ते डॉक्टरलाही सांगणार नाहीत. वीरभद्रप्पांनी माल पोत्यात ओतला आणि मला मल्लप्पाच्या मांडीवर फेकलं. "घे, तूच बाटवलीस. मठ नवी शिवून घेईल."

दुसऱ्या दिवशी दानेश्वरी आईबापाला घेऊन सकाळच्या बसनं गुलबर्ग्याला गेली, कारण डाव्या पायाचा अंगठा थंड पडायला लागला होता. बाकड्यावर राघोबा बसला होता. दोन्ही पायांवर चालत आला होता. "मधी परत लागली होती, परत आलो," असं हसत सांगत होता. आत गेल्यावर या वेळी गुरुबाई गप्प बसली. मल्लप्पा म्हणाला, "बावीस होत्या, आता चार हाईत. पयले आठ दिवस सोडले तर बारा वर्सं एक दिवस बंद न्हवती."

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, वडी दिली, तारीख दिली. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "हाच आकडा त्या दिवशी सांगितला असता, तर तुमचा पाय बहुतेक राहिला असता."

हे ते मल्लप्पाला म्हणाले. ऐकलं गुरुबाईनं.

घरी आल्यावर तिनं कात्री घेतली आणि माझ्या पट्ट्या केल्या. जुनं कापड मऊ असतं, खुंटाला टोचत नाही. रोज संध्याकाळी ती खुंट पुसते, मला गुंडाळते आणि विचारते, "आज किती?" तो कधी तीन म्हणतो, कधी एक. परवा म्हणाला, "एकबी न्हाई," आणि काल पुन्हा दोन. ती ऐकून घेते आणि गाठ मारते.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही, माझी ती लायकी नाही. पण तुमच्या घरी कुणी बिडी ओढत असेल, तर त्याला शपथ घालू नका, चावडीवर नेऊ नका. किती ओढली ते विचारा आणि आकडा ऐकून ओरडू नका. मी ओरडणाऱ्यांतली होते. आता मी त्याच्या पायाला बांधलेली असते, आणि गुडघ्याखाली जिथं माझी घडी संपते तिथं पुढं काहीच नाही.