दुर्गाचे अरण्य

दिवाळीनंतर पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतेच. ते नाटक ठरवायला गावकरी वडशाला नाटकमंडळ्यांच्या कार्यालयांत येतात. देवाजीभाऊंच्या मंडळीने यंदा रंगवलेले पडदे गुंडाळून एलईडीचा मोठा पडदा घ्यायचे ठरवले होते. त्यावरची दृश्ये करण्याचे काम दुर्गाला हवे होते. भाऊंची अट साधी होती: दसऱ्याच्या आत जंगलाचे एक दृश्य हलताना दिसले पाहिजे.

दृश्य दुर्गाने रचून ठेवले होते, पण तिच्या लॅपटॉपवर ते अडखळत चाले. म्हणून तिचा वर्गमित्र संघपाल तिच्यासाठी लिनक्स या मोफत प्रणालीवर चालणारा संगणक जुळवत होता. तिच्या मामेभावाकडचे जुने ग्राफिक्स कार्ड तेवढे चालते की नाही, हे पाहायचे राहिले होते.

संघपालने पाहिले, फार पाहिले. कार्ड कॅबिनेटमध्ये मावत होते, वीजही पुरत होती. प्रश्न ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा होता. कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने कार्डांची ही जुनी पिढी वगळली होती. लिनक्समध्ये आधीच असलेला मुक्त ड्रायव्हर तिला ओळखतो, असे इंटरनेटवर कुणी लिहिले होते, तर कुणी संगणकाचा पडदा काळा पडल्याची तक्रार केली होती. तो एकेक चर्चा वाचत राहिला. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून कार्ड एकदा लावून पाहणे हा सोपा मार्ग त्याला ठाऊक होता. पण दुर्गासमोर पडदा काळा राहिला तर? त्या काळ्या पडद्याचीच त्याला अधिक भीती होती.

"चालते का नाई, तेवढं सांग ना," दुर्गा फोनवर म्हणाली.

"अजून खात्री नाई."

"तू तं लग्नाची पोरगी पाहून राह्यला जसा! भाऊ रोज विचारून राह्यले मले."

तो हसला, तीही हसली. तिचे हसणे मध्येच थांबले, हे त्याला फोन ठेवल्यावर जाणवले.

दसरा उलटल्यावर ती स्वतःच त्याच्या घरी आली, कार्ड उचलले आणि म्हणाली, "लाव."

त्याने लावले. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झाले. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग उजळला. दुर्गाने आपले दृश्य उघडले. मोहाच्या झाडांमधून धुके सरकू लागले. दूर एक पायवाट भिजल्यासारखी चमकत होती. कुठेही काही अडखळले नाही.

"चाललं!" संघपाल म्हणाला. "आताच भाऊंले बोलावू."

"भाऊंनी काल नागपूरवाल्यांले काम देल्लं." तिने हे पडद्याकडे पाहतच सांगितले. "मले तिकिटाच्या खिडकीवर बसवून राह्यले या सीझनले."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले खात्री पाहिजे होती ना."

त्या वाक्यात राग नव्हता. राग असता तर त्याला क्षमा मागता आली असती. धुके वाटेवर उतरत राहिले, आणि आपण तिच्या जंगलाच्या उंबरठ्याशी वाचत बसलो होतो, एवढेच त्याला कळले.

"बंद करू?" त्याने विचारले.

"थांब ना," दुर्गा म्हणाली. तिने खुर्ची पुढे ओढली. "मीच अजून पुरतं पाह्यलं नाई."