आतल्या तीन वस्तू

हे ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. गोष्ट अक्षरन्‌अक्षर खरी आहे आणि तसली ऐकायची लोकांना सवय राहिलेली नाही. पावांची पुढची खेप भट्टीतून निघायला अर्धा तास आहे, तेव्हा त्या बाकावर जरा टेका. खिडकीपाशी कुणीतरी कानस घासतंय, तिकडे लक्ष देऊ नका.

एक बाई होती. वय सत्तेचाळीस. एकोणीस वर्षं तिनं विमा कंपनीत नोकरी केली, आणि काम काय, तर संशय घ्यायचा. कुणाचं गोदाम जळालं की ही राख हुंगायला हजर. हुंगून सांगायची, आधी कापूस पेटला की कागद, आणि काडी उजव्या हातानं ओढली की डाव्या. एकानं अंगठी हरवल्याचा दावा लावला, तर हिनं त्याला खोलीत दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाली, "डाव्या पायमोज्यात आहे, काढा." होती!

साऱ्या जगावर तिनं संशय घेतला. सुटला तो एकटा घरचा नवरा. एका मंगळवारी तो "जरा दाढीचं सामान आणतो" म्हणून बाहेर पडला आणि तिच्याच ऑफिसातल्या टायपिस्टबरोबर दुसऱ्या गावी जाऊन दाढी करू लागला. पुढच्या महिन्यात कंपनीनंही तिच्या हातावर नारळ ठेवला. जिला घरातलं कळत नाही तिला गोदामातलं काय कळणार, असं वरच्या साहेबाचं म्हणणं पडलं.

मग ती एका म्हाताऱ्या कुलूपवाल्याकडे शिकायला लागली. माणसांपेक्षा कुलपं बरी, असा तिचा हिशेब. म्हातारा पंच्याहत्तरीचा, खडूस, पण हात सोन्याचा. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, "हे बघ पोरी, तीन महिने बघीन. जमलं तर दुकानाची दुसरी किल्ली तुझी. पण एक जरी चुकीचं दार उघडलंस, तर माझ्या पायरीवर पाऊल ठेवायचं नाही."

चुकीचं दार म्हणजे काय, तर दुसऱ्याचं. त्यासाठी म्हाताऱ्याचा नियम होता. कुणी म्हणालं, माझी किल्ली हरवली, दार उघडून द्या, तर आधी त्याला आतल्या तीन वस्तू विचारायच्या, कुठं आहेत त्या जागेसकट. उघडल्यावर ताडून बघायच्या. एक जरी चुकली तर दार ओढून घ्यायचं आणि पोलिसांना फोन करायचा. सगळं वहीत लिहायचं.

ती तेव्हा थोरल्या बहिणीकडे माळ्यावरच्या खोलीत राहत होती, आणि बहीण रोज ताट वाढताना विचारायची, "मग? ठेवलंय का अजून तुला?" त्या एका प्रश्नापायी तिला दुकानाची ती दुसरी किल्ली हवीच होती.

दोन महिने बरे गेले. मग एका सकाळी बोलावणं आलं. तिसरा मजला. दाराबाहेर पन्नाशीचा एक माणूस उभा, कोपरापर्यंत पीठ माखलेलं, पायात एकच चप्पल.

"किल्ली आत राहिली," तो म्हणाला. "वाऱ्यानं दार लागलं."

"वाऱ्यानं?"

"सोसाट्याचा होता हो."

तिनं त्याला खालून वर न्याहाळलं. पीठ की चुना? भिंत फोडणारे लोकही पांढरे होतात. "आतल्या तीन वस्तू सांगा."

"डाव्या भिंतीवर घड्याळ. खिडकीला निळा पडदा. टेबलाशी चार खुर्च्या." धडाधड सांगून मोकळा.

आता ते कुलूप ऐका. जुनं, पितळी, माझ्या मनगटाएवढं जाड, किल्ली दोनदा फिरवल्याशिवाय जीभ बाहेर न काढणारं. भल्याभल्यांना तिथं दुपार होते. तिनं कान लावला, दोन तारा आत सारल्या आणि असं काही हलवलं की कुलपाला गुदगुल्या झाल्या. हसत हसत उघडलं ते! खालच्या मजल्यावर ऐकू गेलं हसणं.

दार उघडलं आणि ती वस्तू ताडून बघू लागली. घड्याळ उजवीकडे जमिनीवर टेकवलेलं. खिडकी उघडीबोडकी. खुर्ची एक. तीनपैकी तिन्ही चूक!

तिचा हात फोनकडे गेला. तो माणूस आत बघत होता, जणू तोही पहिल्यांदाच बघतोय. मग तो पायरीवर मटकन बसला.

"मी आधीचं घर सांगितलं," तो म्हणाला. "बावीस वर्षं होतो तिथं. तोंडात तेच बसलंय."

"आणि आता?"

"आठ महिने झाले. बायको म्हणाली, तुमच्याशी बोलणं म्हणजे वेळापत्रक वाचणं. खरं होतं ते. बसगाड्यांची वेळापत्रकंच लिहायचो मी. ती गेल्यावर नोकरी सोडली. आता पाव शिकतोय."

छान गोष्ट होती. फारच छान होती, आणि एकोणीस वर्षांत तिनं ऐकलेली प्रत्येक लबाडी अशीच छान होती. ती नंबर फिरवणार इतक्यात समोरच्या दारातून शेजारीण ओरडली, "अगं, आधी आत जा की! त्याच्या भट्टीत काहीतरी जळतंय. रोजच जळतं मेलं!"

खरंच आतून धूर येत होता. त्यानं धावत जाऊन कोळशासारखा पाव बाहेर काढला आणि तिला भेट दिला. तिनं तो दुकानात नेला. पुढं दोन आठवडे म्हातारा त्याच्यावर किल्ल्या ठोकून सरळ करत होता, तरी टवका उडाला नाही.

त्या दिवशी तिनं वहीत लिहिलं : तिन्ही वस्तू बरोबर. आयुष्यातली पहिली खोटी नोंद. हा माणूस चोर निघाला असता, तर दुकान गेलं, किल्ली गेली, आणि बहिणीच्या ताटापुढं रोजचा तो प्रश्न जन्माचा राहिला असता.

आठ दिवसांनी पुन्हा बोलावणं. तेच दार. या वेळी वस्तू बरोबर निघाल्या, पण खुर्च्या दोन झाल्या होत्या.

"दुसरी कुणाची?"

"कुणाची नाही अजून."

साथीदार! तिनं मनात नोंद केली. तिसऱ्या वेळी टेबलावर दोन कप. शिवाय तारा फिरवताना हा तिच्या हातांकडे टक लावून बघायचा, घोटभर पाणी प्यायलाही नजर हलवायचा नाही. पाव मात्र सुधारत चालला होता. त्याचाही तिला संशय. ओल्या कणकेत किल्लीचा छाप झकास उठतो, हे तिला धंद्यात शिरल्यावर कळलं होतं. घरी नेऊन तिनं तो पाव तारेनं उभा-आडवा चिरला. छाप नव्हता. चव होती. बहिणीनं अर्धा संपवला आणि विचारलं, "हा दर आठवड्याला किल्ली हरवतो? डोकं ठिकाणावर आहे ना त्याचं?"

"तेच शोधतेय," ती म्हणाली.

आणि मग मागच्या गल्लीत एक घर रिकामं झालं. कुलपावर ओरखडा नाही.

"इतकं साफ उघडणारे या भागात दोघंच," म्हातारा चष्मा वर करून म्हणाला. "एक मी, आणि दुसरी तू. की तुझे हात बघून कुणी शिकलंय?"

तिनं हातातली वही मिटली.

"शुक्रवारी तुझे तीन महिने भरतात. त्या दिवशीचं पहिलं बोलावणं तू माझ्यासमोर करायचंस. एक वस्तू चुकली की संपलं. मागची वहीही मी त्या दिवशी वाचणार."

शुक्रवारी सकाळी नऊला फोन वाजला. तिसरा मजला!

जिने चढताना म्हातारा दर पायरीला दम खात होता आणि ती दर पायरीला देव आठवत होती. पाववाला दारातच उभा होता, पण आज दोन्ही चपला, केस विंचरलेले. म्हाताऱ्याला बघून तो चपापला.

"हे माझे मालक," ती म्हणाली. "आज माझी परीक्षा आहे. तीन वस्तू नीट सांगा. एक चुकली तर माझं काम जाईल."

"घड्याळ उजव्या भिंतीवर," तो म्हणाला. "आता टांगलंय. टेबलावर दोन कप आणि ताजा पाव." मग तो थांबला.

"तिसरी?" म्हातारा गुरगुरला.

"किल्ली..." पाववाल्याच्या कपाळावर घाम आला. किल्ली टेबलावर आहे म्हणावं, तर दार उघडल्यावर ती तिथं नाही, आणि हिची परीक्षा बुडते. "किल्ली आत नाही हो. माझ्या खिशात आहे. मागच्या दोन्ही वेळी खिशातच होती."

शेजारणीचं दार बोटभर उघडलं.

"मला वाटलं, तुम्ही चोर आहात," ती म्हणाली.

"चोरांचे पाव असे जळत नाहीत."

"मग सरळ दुकानात येऊन बोलायचं!"

"काय बोलणार? मला वेळापत्रकाशिवाय बोलता येत नाही. म्हणून कुलूप लावायचं आणि तुम्हाला बोलवायचं."

म्हातारा इतका हसला की कवळी जिन्यावरून खाली गेली, आणि पहिल्या मजल्यापर्यंत ती एकटीच हसत गेली. कवळी घेऊन वर आल्यावर त्यानं वही वाचलीच नाही. खिशातली दुकानाची दुसरी किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली आणि आधी पाव कापायला बसला. मागच्या गल्लीतलं घरही कुणी फोडलं नव्हतं. घरमालकाच्या भावानंच स्वतःच्या किल्लीनं सामान नेलं होतं, हे दोन दिवसांनी कळलं.

दुसऱ्या खुर्चीवर बसताना तिनं शेवटचा संशय विचारला. "आणि पहिल्या वेळी?"

"पहिल्या वेळी खरंच वारा होता," पाववाला म्हणाला. "आईशप्पथ." आणि जगात कुणावर भरवसा न ठेवणाऱ्या त्या बाईनं वाऱ्यावर मात्र डोळे मिटून ठेवला. आज तीस वर्षं झाली, तिला अजून तसंच वाटतं की...

"साफ खोटं!"

खिडकीपाशी कानस थांबली होती.

"दोनदा किल्ली फिरवल्याशिवाय त्या कुलपाची जीभ बाहेर येत नाही, हे आत्ता तुमच्याच तोंडून निघालं. वाऱ्यानं कसं लागेल हो ते? भट्टीत पाव जळत ठेवून बाहेरून स्वतः लावलंत तुम्ही! आदल्या आठवड्यात दुकानासमोरून पिठाच्या हातांनी सहा चकरा मारल्यात, त्या काय मला दिसल्या नव्हत्या? एकोणीस वर्षं मी गवत उपटत होते की काय? सगळं कळलं होतं मला, वहीत 'बरोबर' लिहिलं तेव्हाच!"