ठोका कुणाचा

आमच्या घराण्याच्या संताचा, निकोलाचा सण होता. घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं. त्या दिवशी यजमानानं बसायचं नाही आणि पाहुणे असेपर्यंत घर सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माझा मुलगा ओग्नेन सकाळपासून बाटली घेऊन उभाच होता.

मी मासे तळत होते, तेवढ्यात सून आत आली. दुन्याला आठवा महिना. चेहरा पांढराफटक.

"आई, बाळ सकाळपासून हललंच नाही हो."

मी ओग्नेनला हाक मारली. ठोके ऐकायचं यंत्र त्यानं हौसेनं घरी आणलं होतं, ते तिच्या पोटावर टेकवलं. आधी नुसती खरखर, मग धप्... धप्... धप्.

"ऐका, ऐका!" तो ओरडला. दारात ही गर्दी! माझे दीर मिलुतिन पेला उंचावून म्हणाले, "पैलवान आहे, पैलवान! उगाच घाबरवतेस होय गं?"

सगळे हसले. दुन्याही हसली, पण तिचे ओठ थरथरत होते, म्हणून मी तिचं मनगट धरलं. यंत्रातला ठोका आणि तिची नाडी बरोबरीनं पडत होती. तो ठोका बाळाचा नव्हताच, तिचा स्वतःचा होता.

"ओग्नेन, गाडी काढ."

"अगं आई, पाहुणे आहेत! आणि ठोके ऐकलेस ना आत्ता?"

"तिचेच ऐकलेस, मूर्खा! नाडी बघ तिची!"

त्यानं बघितली आणि बाटली तिथंच ठेवली.

"वहिनी, संत रागावेल हं," मिलुतिन पुटपुटले.

"रागावू दे! त्याचं मी बघते. तुम्ही जेवा आणि जाताना दार ओढून घ्या."

वाटेत दुन्या पोटावर हात ठेवून "हल ना रे, हल ना" म्हणत होती.

दवाखान्यात सुईणीनं लाकडी नळी पोटावर टेकवून कान लावला. आम्हाला कसलाच आवाज नाही. ती नळी सरकवायची, थांबायची, पुन्हा सरकवायची. ओग्नेनला खुर्ची दिली, तर तो बसेना.

मग सुईणीची बोटं पलंगाच्या दांड्यावर ठोका धरू लागली. टकटकटकटक, मध्येच अडखळून पुन्हा टकटक.

"आहे. पण दमलंय. डॉक्टरांना बोलवा, बाळ आत्ताच बाहेर काढायला हवं."

दुन्याला आत नेलं. आम्ही दोघं बंद दारासमोर उभे राहिलो. किती वेळ गेला, देव जाणे. आतून एक बारीक, चिडकं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठं माझा ओग्नेन फरशीवर मटकन बसला.