महिन्याला एक कवळी

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात प्लास्टरने भरलेले होते. मंगळवार होता, सकाळचे सव्वाअकरा. मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं माझ्याकडे पाठवतात आणि मी त्यावरून दात बसवून देतो. कालवलेलं प्लास्टर पाच-सात मिनिटांत घट्ट होतं, म्हणून त्या वेळी मी फोन घेत नाही. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा मी तो कोपराने दाबून घेतला.

बस आगारातले मुख्य कारकून बोलत होते. ही, म्हणजे माझी बायको, त्यांच्याकडे तिकीट खिडकीवर होती, एकतीस वर्षं. ते म्हणाले, "तुम्ही जरा इकडे या."

"काय झालं?"

"या तुम्ही."

मी तसाच निघालो. नंतर कळलं ते असं, की एका बाईला तिकीट देऊन उरलेले पैसे काढायला ही खाली वाकली आणि वर आलीच नाही. रांगेतल्या लोकांना वाटलं, सुट्टे शोधतेय. बराच वेळ कोणी काही बोललं नाही, कारण सुट्ट्या पैशांसाठी हिच्या अडून बसण्याची सगळ्यांना सवय होती. आगारात तिला सुट्टेताईच म्हणायचे. दवाखान्यात माझ्या हातावरचं प्लास्टर वाळून तडकायला लागलं होतं. एका नर्सने मला विचारलं, "हाताला काय लागलंय?" 

पुढच्या आठवड्यात आगाराच्या विश्रांतीच्या खोलीत शोकसभा झाली. ड्रायव्हर, कंडक्टर, कॅन्टीनवाला, सगळे होते. हिचे मोठे भाऊ, ज्यांना मीही दादाच म्हणतो, ते एका रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर आहेत. तिथे बाहेरच्या रुग्णांसाठी नवी बसायची खोली बांधायची आहे, असं ते बोलता बोलता म्हणाले. पैसे देणाऱ्याचं नाव खोलीला लागणार होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नव्हतं. पण मी उठलो आणि म्हणालो, "त्या खोलीला हिचं नाव द्या. पैसे मी देतो."

आणि किती देणार तो आकडाही सांगितला. मग कोणीतरी उभं राहिलं, मग सगळेच उभे राहिले. दादांनी मला मिठी मारली. चाळीस वर्षांत त्यांनी मला कधी मिठी मारली नव्हती. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो आकडा म्हणजे आम्ही दोघांनी जन्मभर साठवलं त्यातलं पाऊण होतं.

मुलगी त्या सभेला माझ्या शेजारीच बसली होती.  दोन दिवसांनी कारखान्यात आली. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची भाड्याची खोली, एक भट्टी आणि एक पॉलिशचं मशीन. तिने स्टुलावरची पावडर झटकली आणि बसली.

"बाबा, या महिन्यात किती कामं आली?"

"अकरा."

"पाच वर्षांपूर्वी?"

"तीस. कधी पस्तीस. आता डॉक्टर कॉम्प्युटरवर दात करून घेतात, तुला माहितीये."

"म्हणजे पुढच्या वर्षी आठ. मग या खोलीचं भाडं कशातून देणार? आणि खाणार काय?"

"तू आहेस की."

"मी आहे. मी खायला घालीन. पण मग कारखाना बंद करा आणि माझ्याकडे येऊन नातवाला शाळेत सोडायचं काम करा. चालेल?" तिने भट्टीकडे बघितलं. "आणि आईचं महिन्याचं तोंड कोण करणार?"

हे महिन्याचं तोंड काय ते सांगायला हवं.

आमचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. माझी नवी-नवी नोकरी होती, एका मोठ्या दंत कारखान्यात. तिथे कसलातरी मदतनिधी गोळा झाला, आणि शेजारच्या टेबलावरच्याने दिलं म्हणून मीही दिलं, त्याच्यापेक्षा थोडं जास्तच. घरी येऊन अभिमानाने सांगितलं. ही भाजी निवडत होती. तिने विचारलं, "कोणाला मिळणार ते पैसे?" मला माहीत नव्हतं. तिने विचारलं, "आता महिनाअखेर दूध कसं आणायचं?" तेही मला माहीत नव्हतं. ती चिडली नाही. म्हणाली, "अहो, दिलंत त्याचं वाईट नाही वाटत. पण ना कोणाला देतोय ते बघितलंत, ना आपल्या घरात काय आहे ते. दुसऱ्याच्या हाताकडे बघून दिलंत."

तो महिना आम्ही बिनदुधाचा चहा प्यायलो. ती प्रत्येक कप माझ्यापुढे ठेवताना म्हणायची, "घ्या, दानशूर." मला अजून तो आवाज ऐकू येतो.

काही वर्षांनी तिला आगारात नोकरी लागली आणि मी माझी स्वतःची खोली घेतली. तिकीट खिडकीला पुढे गोल भोक असतं, लोक तिथे तोंड आणून बोलतात. ही घरी येऊन सांगायची, "आज सहाजण तोंडावर हात धरून तिकीट मागत होते." पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग तिनेच सांगितलं, "दात नाहीत हो त्यांना. लाज वाटते. माझ्या घरात दात बनवणारा माणूस बसलाय आणि मी त्यांना फक्त तिकीट देतेय."

मग तिने ठरवलं. महिन्याला एक तोंड. सामानाचा खर्च तिच्या पगारातून, तीन संध्याकाळी माझ्या. डॉक्टरीणबाई आमच्या ओळखीच्या होत्या, त्या शनिवारी दुपारी फुकट माप घ्यायला तयार झाल्या. ही एका वापरलेल्या तिकिटाच्या मागे सही करून त्या माणसाला द्यायची, तो ते तिकीट डॉक्टरीणबाईंना द्यायचा. नाव ती मला सांगायची नाही. डॉक्टरीणबाईंनाही विचारायचं नाही, असा तिचा दंडक होता. म्हणायची, उद्या तो माणूस बाजारात भेटला तर त्याला मान खाली घालावी लागू नये.

पण मला माझं काम ओळखू येतं. एकदा चपलांच्या दुकानात एक बाई खळखळून हसली आणि मी बघतच राहिलो. वरचे समोरचे दोन दात मी मुद्दाम जरासे वाकडे बसवले होते, खरे वाटावेत म्हणून. हिने माझ्या दंडाला चिमटा काढला. "बघू नका. चपला बघा." आम्ही दोघं चपलांकडे बघत उभे राहिलो. मी एक नको असलेला जोड विकत घेतला.

माझा धंदा चांगला चालला तेव्हा मी म्हणालो, आता महिन्याला दोन करू. ती नाही म्हणाली. "एक केलं तर आपण नीट जेवतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा एक करतो. दोन केली तर दिवाळखोर होऊन बसू आणि लोक आपल्याला तिकिटं वाटतील." मुलीच्या कॉलेजच्या वर्षांत ती दोन महिन्यांतून एकावर आली. माझं मनगट मोडलं तेव्हा चार महिने काहीच नाही. मला अपराधी वाटायचं, तिला नाही. दाराशी कोणी पावतीपुस्तक घेऊन आलं तर हसून सांगायची, "आमचं या महिन्याचं झालं." शेजारी तिला चिक्कू म्हणायचे. हे तिला माहीत होतं. मला राग यायचा, ती म्हणायची, "म्हणू देत. त्यांचे दात आहेत ना जागेवर?"

अशी सव्वीस वर्षं. मी कधी मोजल्या नाहीत, पण अडीचशेच्या वर कवळ्या नक्की झाल्या असतील.

त्या दिवशी मुलगी कारखान्यातून घरी गेली. मग दादांना फोन केला, म्हटलं, ती जागा बघायची आहे.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात भिंतीवर पितळी पाट्या होत्या, एकाखाली एक. दादांनी मला बांधकाम दाखवलं, खिडक्या कुठे येणार ते दाखवलं. माणूस मनापासून बोलत होता. मग खिशातून कागद काढला. "पाटीवर काय लिहायचं? मी दोन-तीन मसुदे केलेत."

मी ते वाचले. चांगले होते. त्यात हिचं पूर्ण नाव होतं, माझं नाव होतं, दादांच्या वडिलांचं नाव होतं.

मी म्हणालो, "दादा, मला हे जमणार नाही."

"मजकूर बदलू."

"मजकूर नाही. पैसे. मी सभेत बोललो ते चुकलं. तेवढं दिलं तर माझा कारखाना बंद होईल, आणि कारखाना बंद झाला की तिचं जे काम होतं तेही बंद होईल."

"कसलं काम?"

त्यांना माहीतच नव्हतं. सख्ख्या भावाला तिने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचा चेहरा उतरत गेला.

"भावोजी, तुम्ही चारचौघांत शब्द दिलात. मी मंडळाला सांगून बसलोय."

"मंडळाला मी येऊन सांगतो."

"प्रश्न मंडळाचा नाही." ते बाकावर बसले. "तुमच्याकडे तिची चाळीस वर्षं आहेत. घर आहे, मुलगी आहे, आता हे दातांचंही निघालं. माझ्याकडे काय आहे? लहानपणीची वेणी ओढल्याची भांडणं. मला वाटलं, रोज येता-जाता तिचं नाव दिसेल."

 मी त्यांच्या शेजारी बसलो. नंतर म्हणालो, एका महिन्याच्या कवळीला जेवढं लागतं तेवढं मी या खोलीसाठी देतो, बिननावाचं. ते म्हणाले, "राहू द्या." आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. तेव्हापासून त्यांचा फोन नाही. मी केला तर वहिनी उचलतात आणि ते बाहेर गेलेत म्हणतात.

शब्द जिथे दिला तिथेच परत घ्यायला हवा, म्हणून मी आगारात गेलो. चहाची वेळ होती, विश्रांतीच्या खोलीत वीसेक माणसं होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं की त्या दिवशी बोललो ते पैसे मी देणार नाही, मला परवडत नाही.   मग एक म्हातारा ड्रायव्हर बशीतला चहा संपवून म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी ताई असत्या ना, तर शर्ट ओढून खाली बसवलं असतं तुम्हाला."

"आणि वर सुट्टे मागितले असते," कॅन्टीनवाला म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. ती गेल्यापासून मी हसलो तो तेव्हाच.

म्हणजे पैसे राहिले, कारखान्याची खोली राहिली, भट्टी चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, शनिवारची दुपार मी रिकामी ठेवलीय, पाठवा कोणालाही. आता निवडणारा मीच.

मी तीन सोमवार आगाराच्या बाकावर जाऊन बसलो, तिकीट खिडकीच्या बाजूला. खिडकीवर आता एक तरुण मुलगी आहे, पटापट तिकिटं देते. तिसऱ्या सोमवारी एक म्हातारा तोंडावर हात धरून तिकीट घेताना दिसला. मी त्याच्या मागे गेलो, आणि बस येईपर्यंत शब्द जुळवत राहिलो. शेवटी म्हणालो, "काका, राग मानू नका, दात नाहीत का तुम्हाला?"

तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "आहेत. खिशात आहेत. टोचतात म्हणून काढलेत. तुला काय करायचंय?" आणि बसमध्ये चढला. खिडकीतूनही माझ्याकडे बघत होता.

ही अडीचशे लोकांशी हे बोलली. एकालाही राग आला असं तिने कधी सांगितलं नाही. त्या गोल भोकातून, मागे रांग ताटकळत असताना, दोन वाक्यांत ती काय म्हणायची? मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कधी कळलंच नाही. ते यायचे, तिकीट पुढे करायचे, खुर्चीत बसायचे." मुलीला विचारलं, तिलाही माहीत नाही. सव्वीस वर्षं मी तिच्यासमोर बसून जेवलो, आणि हे एवढं तिला विचारायचं राहिलं.

मुलगी म्हणते, संस्थांकडून यादी मागवू. डॉक्टरीणबाई म्हणतात, दवाखान्याबाहेर पाटी लावू. दोघींचं म्हणणं चुकीचं नाही. मी अजून दोघींनाही हो म्हटलेलं नाही.

तिला जाऊन पाच महिने झाले. या पाच महिन्यांत एकही कवळी कोणाला दिलेली नाही, आणि या महिन्याचा माणूसही अजून ठरलेला नाही.