पेटीत राहिलेली साखळी

मी साखळी बोलतेय. लाइनमनच्या खांद्यावर असते ना, ती लोखंडी साखळी. लाइट गेल्यावर तुम्ही खांबाखाली मान वर करून उभे राहता, तेव्हा मला पाहिलं असेल. लाइट आली की तुम्ही घरात पळता. वर चढलेला माणूस खाली उतरला की नाही, हे पाहायला कोणी थांबत नाही. असू द्या.

अमडापूरच्या लोहारानं मला कडीला कडी जोडून घडवलं. अजून पुरती गारही झाले नव्हते, तर सईदभाईनं मला उचललं. सईदभाई उंद्रीचा, वीज बोर्डाचा लाइनमन. तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या, आता दाढीही पांढरी झाली.

माझं काम सोपं. लाइन बंद केली, की माझं एक टोक जमिनीतल्या सळईला बांधायचं आणि मला तारांवर फेकायचं. मग कोणी चुकून बटण दाबलं, कुठून का होईना वीज आली, तर ती माझ्या अंगातून मातीत जाते. वरचा माणूस जिता राहतो. सत्तावीस वर्षांत दोनदा मी अशी भाजले. दोन्ही वेळा सईदभाई माझ्या काळ्या पडलेल्या कड्यांवरून हात फिरवत बसला. त्याची बायको शबाना म्हणाली, "मले तं कधी इतकं गोंजारलं नाही!"

मागाहून देवानंद आला, कंत्राटी. काम सईदभाईचंच, खांब तेच, पण माणूस ठेकेदाराचा. नऊ वर्षं झाली, कायम काही होईना. मला फेकायला सईदभाईनंच त्याला शिकवलं. म्हणायचा, "साखळी पडल्याशिवाय पाय वर टाकशीन तं मीच खाली ओढीन बे तुले."

मग संप लागला. वीज खाजगी कंपनीला देऊ नका, म्हणून. कायमची माणसं चिखलीला मंडपात बसली. औजारं कोणी बाहेर काढायची नाहीत, असं ठरलं. सईदभाईनं मला पेटीत घातलं, कुलूप लावलं, किल्ली बनियनच्या खिशात ठेवली.

पहिल्याच दिवशी झाडाची फांदी पडून उंद्रीची तार तुटली. गावची लाइन सबस्टेशनातूनच बंद करून टाकली. दुसऱ्या दिवशी नळ कोरडे. वावरात राहणारी विमलबाई रिकामा हंडा घेऊन ओट्यावर आली.

"सईदभाई, होऊ द्या खाजगी! फोन तं उचलतीन ते!"

"उचलतीन न. पण तुह्या एकटीच्या वावरातल्या घरासाठी चिखलाची वाट तुडवत येतीन काय?"

"तुम्ही तरी कुठी येऊन राह्यले?"

पेटीतून मला सगळं ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो मंडपाकडे निघणार, तेवढ्यात देवानंद आला.

"चाचा, साखळी द्या."

"कायले?"

"ठेकेदाराचा फोन आला. आज तार नाही जोडली तं उद्यापासून येऊ नको म्हणते."

"अन् तू जोडली तं आमचा संप कायचा? अबे, तुह्यासाठी बी भांडून राह्यलो न आम्ही! मागण्यायच्या कागदावर लिहेल हाय, कंत्राटीले कायम करा."

"वाचलं मी. पण तवर मले कामावर तं राहू द्या."

सईदभाईचा हात खिशाकडे गेला. किल्ली वाजली. मला वाटलं, उघडतो आता.

"नाही," तो म्हणाला. "साखळी नाही तं तू चढणार नाही. मले मालूम हाय. जाय घरी."

खरंच त्याला तसं वाटत होतं. शिकवलंच तसं होतं त्यानं.

देवानंद कसनुसा हसला. "लाइन तं तीन दिवसांपासून मुर्दा पडली, चाचा." आणि गेला.

दुपारी गावातल्या पाण्याचे जार भरणाऱ्यानं कंटाळून भाड्याचा जनरेटर आणला. मेन स्विच न पाडताच चालू केला. जनरेटरची वीज उलटी तारांवर चढली. देवानंद वर होता. मी पेटीत होते.

खबर लागताच सईदभाई मंडपातून धावत घरी आला, पेटी उघडली, मला खांद्यावर घेतलं आणि तसाच अंगणात उभा राहिला. कुठं न्यायचं, त्याला सुचेना. शबानानं हाताला धरून बसवलं.

संध्याकाळी संप मिटला. कंपनी तूर्त येणार नाही, बाकीच्या मागण्यांचा विचार करू, असं वरून कळलं. मंडपात गुलाल उडाला म्हणे.

बरेच दिवस सईदभाईला देवानंदच्या दाराशी जाता आलं नाही. गेला तेव्हा मला घेऊन गेला. देवानंदची बायको मंजुश्री धान्य निवडत होती.

"बेटा, त्या दिवशी त्यानं मागतली होती. मी नाही देल्ली."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं.

"त्यायच्या जागी ठेकेदारानं दुसरा माणूस घेतला," ती म्हणाली. "त्याच्या जोळ साखळी हाय काय? इचारलं काय तुम्ही?"

सईदभाईनं विचारलं नव्हतं. तो तसाच उठला.

आता मी त्या नव्या माणसाच्या खांद्यावर असते. तोही कंत्राटीच. लाइन उद्या सरकारची राहील की कंपनीची होईल, हे माझ्यासारख्या लोखंडाला काय कळणार? संप करा, मंडप घाला, खुशाल भांडा. भांडल्याशिवाय तुम्हाला कोण विचारतं? पण बापहो, तेवढं मला कुलपात ठेवू नका. खांबावर कोणी ना कोणी चढतंच.