घोड्याने केलेली मात

मी एक जुना घोडा आहे, गाईच्या शिंगाचा, अंगठ्याएवढा. मित्रांनो, पटावरचा घोडा सरळ चालत नाही, म्हणून गोष्टही सरळ सांगणार नाही. आधी माझा गुन्हा सांगतो. मी एकदा डाव जिंकला.

आता जन्म. इथिओपियातल्या अंकोबर गावच्या एका कारागिराने मला कानशीने घासून घडवलं आणि अयालेवला विकलं. तो माझा धनी. आमचा पट म्हणजे तांबडं कापड, त्यावर निळ्या पट्ट्या शिवलेल्या.

आमच्याकडे सुरुवातीला पाळी नसे. दोघेही एकाच वेळी भराभर हात चालवून आपापलं सैन्य मांडत. पहिली सोंगटी मारली गेली की मग एकेकाची पाळी.

रविवारी प्रार्थना आटोपली की धन्याचा बालमित्र मेंगेशा यायचा. भोवती बघे जमत, मधाची दारू पीत आणि न विचारता सल्ले देत.

"अरे, राजाला कोंडतोयस की गाढवाला?" कुणीतरी म्हणे.

"तू गप पी," मेंगेशा म्हणे.

आमचा वजीर दुबळा, एकेकच घर चालणारा. त्याने किंवा प्याद्याने मात केली तर वाहवा होई. घोड्याने केली तर लोक तोंड फिरवत. दांडग्याने जिंकण्यात कसली शोभा? म्हणून धनी मला वाट मोकळी करायला धाडी आणि शेवटी बाजूला ठेवी. एकही डाव मी जिंकला नव्हता, याचा मला अभिमान होता.

मग इटलीशी लढाई पेटली. नगारे वाजले. मेंगेशाला दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. धन्याचा गुडघा कामातून गेलेला, त्याला कुणी नेणार नव्हतं.

त्या दुपारी दोघे बसले. मेंगेशा फार सावकाश खेळत होता. सोंगटी उचलायचा, परत ठेवायचा. घरी बायको बांधाबांध करत खोळंबली असेल, असं धन्याला वाटलं. त्याने मला उचललं. मात.

बघ्यांनी तोंडं फिरवली.

"घोड्याने?" मेंगेशा म्हणाला. "माझ्यावर?"

"तुला उशीर होत होता, गड्या."

"मला कुठे घाई होती?"

त्याने शाल गुंडाळली आणि तो गेला. पहाटे निरोप द्यायला धनी लंगडत गावाबाहेरच्या चढावर पोचला, तेव्हा फौज निघून गेली होती.

मेंगेशा उत्तरेच्या डोंगरातल्या लढाईत पडला.

बऱ्याच महिन्यांनी धनी त्याच्या बायकोकडे, यशिमबेतकडे, गेला. खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, माझं चुकलं."

तिने त्याला बसायला दिलं. म्हणाली, "डाव अर्धा ठेवून निघणार होते, भावजी. म्हणत होते, उरलेला खेळायला तरी परत यावं लागेल."



पुढे दर रविवारी धनी एकटाच तो डाव मांडी. मला बाजूला ठेवून प्यादं पुढे सरकवी. तीन चाली. फक्त तीन चालींनी प्याद्याने मात झाली असती. समोरून शाबास म्हणणारं कुणी नव्हतं.

तो गेला. हळूहळू आमचा खेळच गेला. आता मुलं दुसरं बुद्धिबळ खेळतात, पहिल्यापासून पाळी पाळून. मी एका डब्यात पडून आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवाल तर बरं वाटेल. पण एवढं मात्र नक्की करा. तुमच्याकडे आलेला कुणी उगाच वेळ काढत बसला असेल, तर त्याला उशीर होतोय असं तुम्हीच ठरवू नका. विचारा, अजून थोडा बसतोस का?